खाऱ्या पाण्यातला मासा आजारी पडला तर: हॉस्पिटल टँक लावण्यापासून मासा परत सोडण्यापर्यंत

ज्यांनी घरी समुद्री टँक नुकताच सुरू केला आहे आणि ज्यांच्या क्लाउनफिशवर किंवा टँगवर आज सकाळी पांढरे ठिपके दिसले आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सगळ्यात आधी एक गोष्ट: मुख्य टँकमध्ये औषध टाकू नका. दुकानदाराने सांगितलं तरी टाकू नका. माशांच्या त्वचेवरच्या परजीवींवर चालणारी बहुतेक औषधं प्रवाळ, कोळंब्या, गोगलगायी आणि ॲनिमोन यांनाही मारतात. शिवाय औषध म्हणून वापरलं जाणारं तांबं दगडात आणि वाळूत मुरून बसतं, ते पूर्ण निघत नाही. मासा बाहेर काढून वेगळ्या टाकीत, म्हणजे हॉस्पिटल टँकमध्ये, उपचार करायचा, हाच खात्रीचा मार्ग आहे.

आणि दुसरी गोष्ट, जी मी या छंदात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: हॉस्पिटल टँकमध्ये मरणारे बरेचसे मासे रोगाने मरत नाहीत, अमोनियाने मरतात. त्यामुळे पुढे औषधापेक्षा पाण्याबद्दलच जास्त वाचायला मिळेल.

१. आधी रोग ओळखा

खोलीतला दिवा बंद करा, टँकचा दिवाही बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च काचेच्या बाजूने तिरका मारा. समोरून पाहताना न दिसणारे ठिपके असे लगेच उठून दिसतात. माशाचा व्हिडिओ काढा आणि हळू गतीने पाहा. १५ सेकंदांत कल्ले किती वेळा उघडतात ते मोजून चारने गुणा. तोच आकडा त्याच जातीच्या निरोगी माशाशी ताडून पाहा. मिनिटाला शंभराच्या वर गेला असेल तर थांबायला वेळ नाही.

साधारण काय काय दिसतं:

मरीन इच, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. मिठाच्या कणाएवढे, मोजता येतील असे सुटे ठिपके. मासा दगडावर अंग घासतो, पण बहुधा खात असतो. हाताशी थोडे दिवस असतात.

व्हेल्व्हेट, म्हणजे अमायलूडिनियम. ठिपके इतके बारीक आणि दाट की पूड भुरभुरल्यासारखी वाटते. हा आधी कल्ल्यांवर बसतो, म्हणून अंगावर काही दिसायच्या आतच मासा धापा टाकतो, पंपाच्या झोतासमोर तोंड करून उभा राहतो, उजेड टाळतो, खाणं सोडतो. मासा मारायला याला एक-दोन दिवससुद्धा पुरतात. शंका असेल तर व्हेल्व्हेटच धरून चाला.

ब्रूकलिनेला. समुद्रातून पकडून आणलेल्या क्लाउनफिशमध्ये जास्त. अंगावर चिकट पांढरट थर सुटून लोंबतो. यावर तांबं चालत नाही.

युरोनीमा. हिरव्या क्रोमिस माशाच्या अंगावर लालसर जखम दिसली की आधी हाच संशय घ्यावा. यावरही तांबं चालत नाही.

लिम्फोसिस्टिस. परांवर फुलकोबीसारख्या गाठी. हा विषाणू आहे, याला औषध नाही. चांगलं पाणी आणि चांगलं खाणं मिळालं की बहुतेक वेळा आपोआप जातं. यासाठी मासा बाहेर काढून त्याचे हाल करू नका.

नवखे लोक सर्वांत जास्त फसतात ते इचमध्ये. ठिपके चार-पाच दिवसांत गायब होतात आणि मासा बरा झाला असं वाटतं. प्रत्यक्षात परजीवी माशावर ३ ते ७ दिवस खाऊन स्वतःहून गळून पडतो, वाळूत किंवा दगडावर गुठळी करून बसतो आणि त्यातून शेकडो पिल्लं बाहेर पडून पुन्हा मासा शोधतात. दुसरी खेप पहिलीपेक्षा मोठी असते.

गोड्या पाण्याच्या टँकमधून आलेल्यांसाठी खास सूचना: तिथला इच हा वेगळाच जीव आहे. खडे मीठ टाकणं किंवा पाणी ३० अंशांवर नेणं हे तिथले उपाय इथे लागू पडत नाहीत. लसूण घातलेलं खाणं, क्लीनर श्रिंप आणि रीफ-सेफ (प्रवाळांना सुरक्षित) अशी चिठ्ठी लावलेल्या बाटल्या यांच्या भरवशावर इच किंवा व्हेल्व्हेट बरा होत नाही. यूव्ही फिल्टरने पाण्यात तरंगणाऱ्या परजीवींची संख्या कमी होते, रोग संपत नाही.

२. सामान

हे सगळं मासा आजारी पडायच्या आधी घरात असावं. रात्री अकरा वाजता रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) कुठे मिळणार नाही.

- टाकी: क्लाउनच्या जोडीला ४० ते ६० लिटर, टँगला १०० लिटरच्या पुढे. काचेचीच हवी असं नाही. खाद्यपदार्थांसाठी चालणारा स्वच्छ प्लास्टिकचा टब उत्तम चालतो.
- स्पंज फिल्टर, एअर पंप आणि एक जादा एअर स्टोन
- हीटर आणि वेगळा थर्मामीटर (हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका)
- रिफ्रॅक्टोमीटर
- अमोनियाचं टेस्ट किट, खाऱ्या पाण्यात चालणारं
- तांबं मोजायचं डिजिटल यंत्र, तांब्याचा उपचार करणार असाल तर
- पीव्हीसीचे एल्बो आणि टी, हार्डवेअरच्या दुकानातून. मोठ्या तोंडाचे घ्या, धारदार कडा घासून काढा.
- वरून टाकायला जाळी. घाबरलेला मासा उडी मारतो, रॅस आणि फायरफिश या जाती तर हमखास.
- वेगळी बादली, वेगळी नळी, वेगळं जाळं. त्यांच्यावर लाल टेप लावा, म्हणजे घरातलं कोणीही ती चुकून मुख्य टँकला वापरणार नाही.
- बॅटरीवर चालणारा एअर पंप. वीज गेली की लहान टाकीतला प्राणवायू फार झपाट्याने खाली येतो.
- वही आणि पेन

वाळू, जिवंत दगड, प्रवाळाचे तुकडे यातलं काहीही आत ठेवायचं नाही. चुनखडीचे पदार्थ तांबं शोषून घेतात आणि मग पाण्यात किती औषध उरलं याचा हिशेब लागत नाही. तळ उघडाच हवा.

स्पंजबद्दल एक काम आजच करून ठेवा. एक जादा स्पंज मुख्य टँकच्या सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) कायमचा टाकून द्या. काही आठवड्यांत त्यात अमोनिया खाणारे जिवाणू वसतात आणि गरज पडेल त्या दिवशी तो उचलून हॉस्पिटल टँकमध्ये लावता येतो. या एका सवयीने अर्धी लढाई सोपी होते. (मुख्य टँकमध्ये आता रोग असेल तर त्याच स्पंजवर परजीवीही असतील, पण मासा तोच रोग घेऊन येतो आहे आणि उपचार त्याचाच होणार आहे, म्हणून चालतं. टँक ट्रान्स्फर (मासा दर तीन दिवसांनी नव्या टाकीत हलवणं, पाहा भाग ५) करणार असाल तर मात्र हा स्पंज अजिबात चालत नाही.)

३. पाणी आणि टाकी तयार करा

मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांना समुद्राचं पाणी आणायचा मोह होतो. किनाऱ्यालगतचं गढूळ पाणी, खाडीतून येणारं सांडपाणी आणि पावसाळ्यात उतरणारा खारटपणा, हे सगळं आजारी माशाच्या वाट्याला कशाला? आरओ पाण्यात सॉल्ट मिक्स (समुद्री टँकसाठीचं तयार मीठ) घालून पाणी घरीच बनवा. लिटरमागे साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मिक्स लागतं, ब्रँडप्रमाणे फरक पडतो. काही तास एअर स्टोन लावून विरघळू द्या, मग मोजा.

घरातला पिण्याच्या पाण्याचा प्युरिफायर वापरणार असाल तर आधी त्याची माहिती वाचा. हल्ली बऱ्याच प्युरिफायरमध्ये पाण्यात मुद्दाम तांबं सोडणारं काडतूस असतं. ते पाणी मुख्य टँकला तर घातकच, आणि इथे तांब्याचं मोजमाप बिघडवणारं. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) शून्याच्या जवळ दाखवेल असं पाणी हवं.

टाकी भरताना मापाच्या बादलीने भरा आणि एकूण लिटर लिहून ठेवा. लांबी, रुंदी आणि उंची गुणून काढलेला आकडा औषधाला चालत नाही, कारण टाकी काठोकाठ भरलेली नसते. पाण्याची पातळी जिथे आली तिथे काचेवर बाहेरून टेप चिकटवा. पुढचे सगळे दिवस पाणी या रेषेवरच राहिलं पाहिजे. वाफ होऊन पाणी उतरलं की फक्त गोडं आरओ पाणी घाला. मीठ वाफ होत नाही, आणि तांबंही.

खारटपणा मुख्य टँकइतकाच, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटरवर विशिष्ट गुरुत्व बहुधा १.०२५. तापमान २५ ते २६ अंश. उन्हाळ्यात विदर्भात किंवा पुण्यातसुद्धा खोली यापेक्षा खूप तापते. चिलर नसेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा सोडा. दोन-तीन अंश उतरतात, पण पाणीही भराभर उडतं, म्हणून टेपच्या रेषेकडे दिवसातून दोनदा लक्ष ठेवा.

जागा मुख्य टँकपासून दूर असू द्या, शक्यतो दुसऱ्या खोलीत. व्हेल्व्हेटचे परजीवी बुडबुड्यांतून उडणाऱ्या तुषारांबरोबर हवेतून पसरू शकतात. निदान ३ मीटर अंतर हवं.

४. मासे पकडा, सगळे

एकाच माशावर ठिपके असले तरी सगळे मासे बाहेर काढायचे. बाकीच्यांच्या कल्ल्यांमध्ये परजीवी असतोच, फक्त दिसत नाही. एकाला बरं करून त्याच टँकमध्ये परत सोडलं तर सगळा खटाटोप वाया जातो. हा सल्ला कोणालाच आवडत नाही, कारण दगड उचलावे लागतात. तरीही तोच बरोबर आहे.

दिवे बंद झाल्यावर तासा-दोन तासांनी मासे सुस्त असतात, तेव्हा पकडा. जाळ्यापेक्षा पारदर्शक प्लास्टिकचा डबा बरा. जाळ्यात टँगचा शेपटीजवळचा काटा अडकतो आणि त्वचेवरचा चिकट थर खरवडला जातो. डबा पाण्यात स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने माशाला हळूहळू आत वळवा.

दोन्हीकडचा खारटपणा आणि तापमान जुळत असेल तर थेंब-थेंब पाणी सोडत तासभर बसायची गरज नाही. सरळ सोडा.

मासा धापा टाकत असेल किंवा व्हेल्व्हेटचा संशय असेल तर वाटेत गोड्या पाण्याची डुबकी द्या. क्लोरीन नसलेलं आरओ पाणी, त्याच तापमानाचं, चिमूटभर खाण्याच्या सोड्याने पीएच ८.२ च्या आसपास आणलेलं, एअर स्टोन चालू. ५ मिनिटं, आणि तेवढा सगळा वेळ समोरून हलायचं नाही. क्लाउन आडवा पडतो, ते नेहमीचं आहे. पण मासा उसळ्या मारत राहिला किंवा कल्ले हलायचे थांबले तर लगेच बाहेर काढा. डुबकीने रोग जात नाही, कल्ल्यांवरचा भार थोडा हलका होतो. एक फायदा मात्र मोठा आहे: माशावर फ्लूक (चपट्या कृमींसारखे परजीवी) असतील तर ते पांढरे होऊन गळतात आणि भांड्याच्या तळाशी तिळाएवढे कण दिसतात. म्हणून डुबकीसाठी गडद रंगाचं भांडं घ्या. फ्लूक दिसले तर पुढचं औषध प्राझिक्वांटेल: लिटरला २.५ मिलिग्रॅम, आणि आठवडाभराने दुसरी मात्रा.

५. उपचार निवडा

इच आणि व्हेल्व्हेट दोन्हींवर चालणारं, आणि माहीतगार लोक सर्वांत जास्त वापरतात ते औषध म्हणजे तांबं. बाजारात दोन प्रकारची मिळतात आणि त्यांचे आकडे एकमेकांना लावले तर मासा मरतो.

कॉपर पॉवरसारखं चिलेटेड (दुसऱ्या रेणूंनी बांधून ठेवलेलं) तांबं: लिटरला २.० ते २.५ मिलिग्रॅम.
क्युप्रामीन: लिटरला ०.५ मिलिग्रॅम. अर्धी मात्रा पहिल्या दिवशी, उरलेली ४८ तासांनी.

नवख्याने चिलेटेडच घ्यावं असं माझं मत आहे. त्यात उपयोगी आणि घातक मात्रांमधलं अंतर जास्त असतं. इच असेल तर दोन दिवसांत थोडं थोडं वाढवत २.२५ पर्यंत न्या. व्हेल्व्हेट असेल तर एवढी सवड नाही, पहिल्याच दिवसात पोहोचा.

आता मोजमाप. रंग जुळवायच्या किटवर २.० आणि २.५ मधला फरक डोळ्यांना कळत नाही, आणि इथे तोच फरक महत्त्वाचा आहे. हॅना कंपनीचा तांब्याचा हाय रेंज चेकर लिटरला ० ते ५ मिलिग्रॅमपर्यंत मोजतो, तो घ्या किंवा ओळखीच्या छंदी माणसाकडून मागून आणा. कुपी बाहेरून मऊ कापडाने पुसा. बोटाचा ठसा किंवा काचेला चिकटलेला बुडबुडा आकडा बदलतो. एका वेळी दोनदा मोजा. दोन आकड्यांत बरंच अंतर आलं तर तिसऱ्यांदा मोजा, अंदाजाने औषध टाकू नका.

तांब्याची मात्रा ३० दिवस सलग टिकली पाहिजे. मध्ये एकदा जरी २.० च्या खाली गेली तरी त्या दिवसापासून मोजणी पुन्हा सुरू. ॲक्टिव्हेटेड कार्बन फिल्टरमध्ये असेल तर काढून टाका, तो औषध ओढून घेतो.

सगळ्यात घातक सापळा हा आहे: अमोनिया वाढला म्हणून घाईत अमोनिया बांधणारी बाटली, जसं प्राइम, तांब्याच्या पाण्यात ओतणं. ही रसायनं तांब्याला जास्त विषारी रूपात बदलू शकतात. क्युप्रामीनच्या बाबतीत तर खुद्द उत्पादकच तसं बजावतो. तांबं चालू असताना अमोनियावर एकच उपाय: पाणी बदलणं.

मँडरिन, काही रॅस आणि बुटके एंजलफिश तांब्याला नाजूक असतात. त्यांना हळू वाढवा. शार्क आणि रे यांना तांबं अजिबात नाही.

फक्त इचच आहे अशी खात्री असेल तर औषधाशिवायचे दोन मार्ग आहेत. पहिला टँक ट्रान्स्फर. माशावरून गळलेल्या परजीवीला पुन्हा हल्ला करायला निदान तीन दिवस लागतात. म्हणून दर ७२ तासांच्या आत मासा पूर्ण कोरड्या आणि स्वच्छ केलेल्या दुसऱ्या टाकीत, नव्या पाण्यात हलवायचा. पहिल्या, चौथ्या, सातव्या, दहाव्या आणि तेराव्या दिवशी. जुन्या टाकीतलं काहीही नव्या टाकीत जाता कामा नये, एअर स्टोनसुद्धा नाही. ४० लिटरच्या टाकीला पाच वेळा मिळून २०० लिटर पाणी, म्हणजे सातेक किलो सॉल्ट लागतं. आपल्याकडे बाहेरून येणारी तांब्याची औषधं आणि मापनयंत्रं महाग पडतात, तेव्हा हा हिशेब बरेचदा परवडतो. दुसरा मार्ग खारटपणा १.००९ वर आणण्याचा. तो १.०११ झाला तरी उपयोग संपतो, म्हणून रिफ्रॅक्टोमीटर नीट जुळवून घेतलेला हवा. हे दोन्ही मार्ग व्हेल्व्हेटवर निरुपयोगी आहेत.

ब्रूकलिनेला आणि युरोनीमासाठी फॉर्मेलिन वापरतात. ते माणसालाही घातक आहे, कर्करोगकारक आहे आणि पाण्यातला प्राणवायू खाली आणतं. मत्स्यरोगाची माहिती असलेल्या पशुवैद्याला विचारल्याशिवाय हात लावू नका. मेडिकलमधून माणसांच्या अँटिबायोटिकची कॅप्सूल आणून पाण्यात फोडणंही नको. त्याने तुमच्या स्पंजमधले जिवाणू आधी मरू शकतात.

६. रोजचं काम

सकाळी अमोनिया, तापमान, पाण्याची रेषा. संध्याकाळी तांबं, आणि पुन्हा अमोनिया. सगळं वहीत, तारखेसह.

अमोनिया खाऱ्या पाण्यात जास्त जीवघेणा का, ते समजून घ्या. पीएच ७ च्या पाण्यापेक्षा ८.२ च्या पाण्यात अमोनियाचा विषारी अंश दहापटीहून जास्त असतो. गोड्या पाण्यात चालून गेलेला आकडा इथे चालत नाही. किट ०.२५ पीपीएमच्या वर दाखवत असेल तर त्याच दिवशी एक तृतीयांश ते अर्धं पाणी बदला. बदलायचं पाणी बादलीत आधीच तितक्याच खारटपणाचं, तितक्याच तापमानाचं आणि तितक्याच तांब्याचं करून ठेवा. १५ लिटर नवं पाणी असेल तर २.२५ च्या हिशेबाने त्यात ३३ ते ३४ मिलिग्रॅम तांबं जायला हवं. ओतण्याआधी बादलीतलं पाणीही चेकरवर मोजा.

खाणं कमी, पण दिवसातून दोन-तीनदा. मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) मिळाले तर उत्तम, नाहीतर ताज्या कोलंबीचे अगदी बारीक तुकडे. दहा मिनिटांत जे उरेल ते नळीने ओढून काढा. तळ उघडा ठेवल्याचा फायदा इथे दिसतो. तांब्यात पहिले काही दिवस मासा कमी खातो, ते अपेक्षित आहे. तीन-चार दिवस अजिबात तोंड लावलं नाही तर थोडं पाणी बदलून मात्रा २.० च्या जवळ आणा, खाली नाही.

उजेड मंद ठेवा. टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून कागद लावला तर मासा लवकर शांत होतो. दोन क्लाउन भांडत असतील तर मध्ये जाळीचा पडदा घाला. आजारी माशाला मार सोसत नाही.

७. मुख्य टँक रिकामा ठेवा

प्रवाळ, खेकडे, गोगलगायी तिथेच राहू द्या, पण मासा एकही नको. खायला मासा मिळाला नाही की परजीवी उपाशी मरतो. इचच्या गुठळीतून पिल्लं बाहेर पडायला नोंदवलेला सर्वांत लांब काळ ७२ दिवसांचा आहे, त्यावरूनच ७६ दिवसांचा प्रचलित आकडा आला. पाणी सतत २७ अंशांवर ठेवलं तर हे चक्र वेगाने फिरतं, म्हणून आता बरेच अनुभवी लोक ४५ दिवस पुरेसे मानतात. ज्यांना थांबणं शक्य आहे त्यांनी ७६ दिवसच थांबावं. फक्त व्हेल्व्हेट असेल तर सहा आठवडे.

या काळात जिवाणू जगावेत म्हणून चिमूटभर खाणं मुख्य टँकमध्येही टाकत राहा.

८. शेवट आणि परतवणी

३० दिवस पूर्ण झाले की पाणी बदल आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन यांनी तांबं उतरवा. मुख्य टँक अजून रिकामा ठेवायचा असतो, म्हणून उरलेले दिवस मासे इथेच बिनऔषधी पाण्यात राहतील. ही वाट पाहणं उपयोगाचं आहे: रोग शिल्लक असेल तर तो इथेच पुन्हा दिसतो आणि मुख्य टँकपर्यंत पोहोचत नाही.

परत सोडताना हॉस्पिटल टँकचं पाणी मुख्य टँकमध्ये जाऊ देऊ नका. मासा डब्यात घ्या, शक्य तितकं पाणी ओता, मग सोडा.

यानंतर येणारा प्रत्येक नवा मासा आधी याच टाकीत महिनाभर राहील, असं ठरवून टाका. मिळत असतील तेव्हा हॅचरीत वाढवलेले क्लाउन घ्या. भारतात सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) क्लाउनफिश हॅचरीत वाढवण्याचं तंत्र विकसित केलं आहे. असे मासे समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा कमी रोग घेऊन येतात आणि पहिल्या दिवसापासून खातात.

टाकी, नळ्या, पीव्हीसी घरगुती ब्लीचच्या पाण्यात भिजवा, भरपूर धुवा आणि उन्हात कडकडीत वाळवा. ब्लीच आणि फॉर्मेलिन कधीही एकत्र येऊ देऊ नका. तांब्यात राहिलेला स्पंज टाकून द्या, तो सम्पमध्ये परत जाता कामा नये. त्याच्या जागी आजच नवा स्पंज सम्पमध्ये टाका.